विसरलेला नट

“काट्याकडं बघा, जावईबापू. माझ्याकडं नका बघू.”

मी दाबाच्या काट्याकडेच बघत होतो. डाव्या हातानं पंपाचा दांडा दाबत होतो, आणि शेडच्या तापलेल्या पत्र्याखाली माझ्या मानेवरून घाम ओघळत होता. बाकावर मामांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, आगगाडीचं छोटं इंजिन उभं होतं. दोन हात लांब, काळं, चाकांवर तेलाचा हात फिरवलेलं. त्याचा बॉयलर पाण्यानं गच्च भरलेला होता. खरी वाफ करण्याआधी पाण्यानं दुप्पट दाब देऊन बघायचा हा नियम मामांनी रेल्वेच्या शेडमधून घरी आणला होता. पाणी फुटलं तर नुसतं अंगावर उडतं, वाफ फुटली तर माणूस भाजतो.

काटा चढला, थांबला, आणि केसभर मागे आला.

“गळतंय,” मामा म्हणाले.

कुठे ते बघायला मला भिंग लागलं नाही. काट्याकडे जाणाऱ्या नळीच्या जोडावर पाण्याचा एक थेंब जमला होता. मी बघत असतानाच तो पडला आणि त्याच्या जागी दुसरा येऊ लागला. आणि आज शनिवार होता.

त्या थेंबाचा आणि शनिवाराचा संबंध सांगायला थोडं मागे जावं लागेल. मी हुपरीचा. आमच्या घरात तीन पिढ्या चांदीचं काम. माझं लग्न ठरलं ते मिरजेच्या भार्गवराव वेदपाठकांच्या एकुलत्या एका मुलीशी. जातीनं ते आमच्यासारखेच सोनार, पण सगळा जन्म त्यांनी रेल्वेत फिटर म्हणून काढला होता. लग्नाची याद, म्हणजे ठरावाचा कागद, करायला दोन्हीकडची चार माणसं बसली तेव्हा त्यांनी देण्याघेण्याचं एकही कलम घातलं नाही. एकच घातलं: ‘जावई इंजिन पूर्ण होईपर्यंत आमच्याकडे राहतील.’ सगळे हसले. माझे वडीलही हसले. मामा म्हणाले, पाच-सहा महिन्यांचं काम आहे, माझा हात कापतो, चांदीची झाळ देऊन नळ्या जोडायला कारागीर हवा. मीही हसत सही केली. यादेच्या कागदाला हळदकुंकू लागलं आणि मी घरजावई झालो.

त्याला आता दोन वर्षं उलटून गेली होती.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. आमच्याकडे तसंच म्हणतात. ते मला कधीही एकेरी बोलले नाहीत. पहिली भाकरी माझ्या ताटात, पाणी तापलं की पहिली आंघोळ माझी. भांडायला तोंड उघडावं तर समोरचा माणूस ‘घ्या की अजून थोडं’ म्हणत तूप वाढतोय. असल्या माणसाशी भांडण कसं काढायचं हे मला शेवटपर्यंत जमलं नाही. बाहेरचे लोक मात्र सोडत नव्हते. दाढी करायला बसलो की न्हावी आरशातून विचारायचा, “काय पाव्हणं, सासर मानवलं का?” हुपरीला गेलो तर धाकटा भाऊ मला माहेरी आलेल्या लेकीसारखी साडीचोळी करायची का म्हणून आईला विचारायचा. मी हसण्यावारी न्यायचो आणि त्या दिवशी जेवण गोड लागायचं नाही.

बसायची जागाही तशीच होती. परसातली शेड सहा बाय आठची. आत एक लेथ, एक बाक, आणि बाक न् भिंत यांच्यामधल्या बोळकांडीत माझं स्टूल. दाराच्या बाजूला मामांची खुर्ची. ते उठल्याशिवाय मला बाहेर पडता यायचं नाही. लघवीला जायचं तरी म्हाताऱ्या माणसाला उठवावं लागे, म्हणून मी सकाळी चहा कमी प्यायला लागलो होतो.

काम मात्र नाजूक होतं, आणि खोटं कशाला बोला, मला आवडायचं. असल्या छोट्या इंजिनाला लागणारे नळ्यांचे जोड आपल्याकडे मिळत नाहीत. मिळाले असते तरी मामांनी विकत घेतले नसते. तांब्याची नळी काडेपेटीतल्या काडीपेक्षा थोडी जाड. तिच्या टोकाला पितळेचा एवढासा निमुळता कोन झाळून बसवायचा. तो कोन समोरच्या खोबणीत अचूक बसतो आणि मागून एक नट त्याला आवळून धरतो. मध्ये ना वॉशर, ना धागा. पितळावर पितळ बसलं पाहिजे, तरच वाफ अडते. त्यावर केसाएवढी जरी रेघ असली तरी जोड गळतो.

नट आणि कोन उजू लेथवर काढून द्यायची. उजू म्हणजे उज्ज्वला, माझी बायको. घरातलं आवरलं की साडीवर बापाचा जुना खाकी शर्ट चढवायची आणि लेथपाशी उभी राहायची. मी झाळ नीट पसरावी म्हणून टाकणखार लावून, फुंकणीनं ज्योत वळवून झाळ द्यायचो. मग तुकडे चिंचेच्या पाण्यात रात्रभर ठेवायचे. सकाळी तीच ते घासूनपुसून आणून द्यायची.

ह्या कामात एक चूक कुणाच्याही हातून होते, आणि ती टाळायला मामा रोज तेच म्हणायचे, “आधी नट, मग झाळ.” नळीच्या दोन्ही टोकांना कोन बसवले की नंतर नट नळीवर चढवता येत नाही, कोन आडवा येतो. म्हणून दुसरं टोक झाळण्याआधी नट नळीवर ओवून घ्यायचे. आणि एकदा दोन्ही टोकं बंद झाली की ते नट तिथेच अडकले. फिरतात, नळीवर खालीवर सरकतात, पण निघत नाहीत. मला त्यांची दया यायची.

नाशिकला माझ्या मावसभावाचा चांदीच्या भांड्यांचा कारखाना होता. पुरुषोत्तम त्याचं नाव. त्याला कारागिरांवर एक जाणता माणूस हवा होता. वर्षभर तो माझ्यासाठी थांबला आणि शेवटी त्यानं पत्र टाकलं: सोमवारी सकाळी हजर हो, नाहीतर जागा दुसऱ्याला देतो. राहायला दोन खोल्या, घरात नळ, खिडकीतून नदीकडचा रस्ता दिसतो. ही खिडकी मी उजूला इतक्या वेळा सांगितली होती की मलाच तिथला वारा लागायला लागला होता. ती भाकरी थापता थापता “हं” म्हणायची. मी ते ‘हं’ होकाराचं धरून चाललो होतो.

पत्र मी मामांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “रविवारी सकाळी वाफ करू. गाडी चालली की तुम्ही मोकळे. यादेत लिहिलंय तसंच.” रेल्वेतले त्यांचे जुने सोबती रविवारी सकाळी यायचे होते. संध्याकाळच्या गाडीची आमची तिकिटंही काढलेली होती. आणि शनिवारी सकाळी जोड गळला.

“तुमची झाळ कोनावर आली असणार,” मामा नेहमीसारखं म्हणाले. “थांबा, मी काढतो.”

हे वाक्य मी दीड वर्षात दहा वेळा ऐकलं होतं. जोड गळला की मामा स्वतः तो कोन काढून घ्यायचे, डोळ्यापाशी धरून मान हलवायचे आणि बाकाखालच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. डबा भरला की ओतारी तो नेणार होता. दरवेळी दोष माझ्या झाळीचा. मी हुपरीचा, माझ्या आज्याची झाळ भिंगाखाली दिसत नसे म्हणून लोक सांगतात, आणि मी दर महिन्या-दोन महिन्यांनी मान खाली घालून पहिल्यापासून सुरुवात करायचो. आपला हात बिघडला असं मी मनाशी धरलं होतं. सासुरवाडीचं अन्न अंगी लागलं असंही एकदा वाटून गेलं.

पण त्या दिवशी दारात कुणीतरी हाक मारली. मामांचा रेल्वेतला सोबती, उद्या नक्की किती वाजता म्हणून विचारायला आला होता. मामा उठून बाहेर गेले आणि नट पहिल्यांदाच मी माझ्या हातानं सोडवला.

कोन पुसला आणि डोळ्याला भिंग लावलं. झाळ जागच्या जागी होती, मागच्या काठाला, चांदीच्या दोऱ्यासारखी. कोनाच्या उतारावर तिचा शिंतोडाही नव्हता. तिथे होती ती एक रेघ, टोकापासून बुडापर्यंत, अगदी सरळ आणि सुईनं मारावी तशी बारीक.

मी बाकाखालून डबा ओढला आणि जमिनीवर पालथा केला. बुरादा, मोडके टॅप, वाकडे स्क्रू यांच्यातून कोन वेचून काढले. दहा सापडले. हातातला धरून अकरा. एकेक भिंगाखाली धरला. झाळ सगळ्यांची स्वच्छ, आणि रेघ सगळ्यांवर तीच.

डोक्यात अशी तिडीक गेली की हातातलं भिंग खाली पडलं. दोन वर्षं. न्हाव्याच्या आरशातली दोन वर्षं. म्हातारा मला तूप वाढत होता आणि पाठीमागे सुईनं जोड बिघडवत होता.

मामा परत आले, खुर्चीत बसले, आणि त्यांना बाकावर ओळीनं मांडलेले अकरा कोन दिसले.

“हे काय काढून बसलात?”

“माझी झाळ खराब नव्हती, मामा.”

त्यांनी चष्मा लावला. कोन हातात घेतला नाही. काट्याच्या जोडातून राहिलेलं पाणी बाकावर टपटपत होतं.

“नव्हती,” ते म्हणाले.

“मग ह्या रेघा कुणी मारल्या?”

बाहेर स्वयंपाकघरात कपबशा वाजल्या. मामांनी तिकडे एकदा बघितलं आणि मग माझ्याकडे.

“मी मारल्या. एकुलती पोरगी लांब जाणार म्हणून. म्हातारपणी बुद्धी फिरते माणसाची.” आणि मग त्यांनी जे केलं ते मला अजून सहन होत नाही. सासऱ्यानं जावयापुढे हात जोडले. “चुकलं माझं. पोटात घाला.”

मला वाईट वाटायला हवं होतं. पण मला आनंद झाला. दोन वर्षांत पहिल्यांदा रागवायला हक्काचं कारण सापडलं होतं, आणि मी ते वसूल केलं. काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. याद काय, शब्द काय, माझ्या घराण्याची झाळ काय. शेवटी म्हणालो, वीतभर नळी शिल्लक आहे, आजच्या आज नवीन जोड मी करतो, आणि तो झाल्यापासून उद्या सकाळपर्यंत माझ्याजवळ राहील, कुणी त्याला हात लावायचा नाही. उद्या गाडी चालेल आणि संध्याकाळी आम्ही जाऊ.

“जावा,” मामा म्हणाले.

उजू चहा घेऊन आली. तिनं बाकावरचे कोन पाहिले. माझा कप माझ्यापुढे ठेवला, मामांचा त्यांच्या हातात दिला, शर्ट चढवला आणि लेथपाशी गेली. नवा कोन काढायचा होता, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

मामांच्या हातातली कपबशी वाजायला लागली. ती रोजच वाजायची. चहा बशीत सांडला, बशीतून धोतरावर. त्यांनी दुसऱ्या हातानं आधार दिला तरी ती थांबेना. मी रोज बघत होतो तेच आज बघत होतो, पण आज माझ्यापुढे अकरा रेघा होत्या. ज्वारीच्या दाण्याएवढ्या कोनावर, पट्टी धरून मारावी तशी एकेक रेघ. ह्या हाताला कपबशी झेपत नव्हती.

लेथ सुरू होती. उजूनं वाकून हत्यार पितळाला लावलं. पिवळ्या बुराद्याची बारीक कुरळी धार निघाली, आणि तिचा हात दगडात बसवल्यासारखा स्थिर होता.

मी मामांकडे वळलो. मला कळलंय हे त्यांना कळलं.

“तिला काही बोलू नका,” ते हळूच म्हणाले. मग कपबशी बाकावर ठेवून उठले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी न सांगता, न विचारता त्यांनी माझ्यासाठी वाट सोडली असं पहिल्यांदाच झालं होतं. दार उघडं होतं आणि मला स्टुलावरून उठता येईना.

“उजू, लेथ बंद कर.”

तिनं काप पुरा केला आणि मग बंद केली. पट्टा फडफडत थांबला.

“तू?”

“हो.”

“का?”

ती हातातल्या कोनाकडे बघत राहिली. अंगठ्यानं त्याची धार पुसत म्हणाली, “नाशकाच्या दोन खोल्यांत लेथ कुठं बसते ते सांगा.”

हा प्रश्न असू शकतो हेच मला कधी सुचलं नव्हतं.

“आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. शाळेतून आले की बाबा मला ह्या लेथपुढं पाटावर उभी करायचे. घरात एकटी कुठं ठेवणार? दुसऱ्या पोरी भातुकली खेळायच्या तेव्हा मी आटे पाडत होते. मला दुसरं काय येतं? भाकरी सगळ्याच थापतात.”

“मग सांगायचं होतंस.”

“काय सांगायचं? मला लेथ सोडवत नाही, तुम्ही सासऱ्याच्या घरी पडून राहा? लोक तुम्हाला काय बोलतात ते मला ऐकू येत नाही होय? तुम्ही जेवायचे नाही त्या दिवशी मला कळायचं, आज न्हाव्याकडं जाऊन आलात म्हणून.” तिचा आवाज चढला नव्हता. “पहिली रेघ मारली तेव्हा रात्रभर झोपले नाही. बाबांना दुसऱ्याच खेपेला कळलं. ते मला काही बोलले नाहीत. तुमच्या झाळीवर ढकलून मोकळे झाले. मला वाटायचं, आज तरी हे भिंग लावून बघतील. बघितलं की विचारतील. अकरा वेळा वाटलं.”

मी भिंग लावलं नव्हतं. सोनाराच्या पोटी जन्मलेला माणूस, आणि दीड वर्ष दुसऱ्याच्या शब्दावर स्वतःची झाळ वाईट मानून बसलो. बायकोचं ‘हं’ तर मी त्याहून कमी तपासलं होतं.

“आता नाही मारणार,” ती म्हणाली. “हा कोन घ्या. दुसरा काढते आणि नटही काढते. उद्या गाडी चालेल. मी येते नाशकाला.”

तिनं पुन्हा लेथ सुरू केली. मी नळी घेतली. वीतभरच उरली होती. सांगलीच्या ज्या फ्रिजदुरुस्तीवाल्याकडून ती आणायचो तो गावाला गेलेला होता, आठ दिवसांनी यायचा. ही बिघडली तर रविवार गेला, आणि रविवार गेला की नाशिक गेलं.

पहिलं टोक मी मन लावून केलं. टाकणखार लावला, झाळीचा तुकडा ठेवला, फुंकणी तोंडात धरली. तांबं लाल होत आलं आणि झाळ पाण्यासारखी चमकून कोनाभोवती धावली. फुंकताना डोक्यात मात्र एकच चाललं होतं. मी तिच्यावर चिडलो होतो, तिच्या बापावर चिडलो होतो, आणि सगळ्यात जास्त चिडलो होतो ते यासाठी की आता कुणावरच धड चिडता येत नव्हतं. हे दोघं बापलेक मला दोन वर्षं बोळकांडीत बसवून होते, आणि तरी बाहेर पडायची वाट तिच्या अंगावरून जात होती. तो नदीकडचा रस्ता, ती खिडकी, कुणीही ‘पाव्हणं’ म्हणणार नाही असं गाव, हे सगळं मला हवं होतं. फार हवं होतं.

लेथ थांबली.

नळी गार होईपर्यंत मी मान वर केली नाही. केली तेव्हा उजू समोर उभी होती. तिच्या अंगावर खाकी शर्ट नव्हता. तो घडी करून लेथच्या कडेला ठेवला होता. लेथवर गोणपाट घातलं होतं. कामाच्या दिवशी, भर दुपारी त्या लेथवर गोणपाट मी कधी पाहिलं नव्हतं. कडा नीट खोचलेल्या होत्या, माणसावर पांघरूण घालावं तशा.

तिनं तळहात पुढे केला. त्यावर दुसरा कोन आणि दोन नट होते. सहा पैलू, आतले आटे मुंगीच्या पायासारखे बारीक. एवढे सुंदर नट तिनं आधी कधी काढले नव्हते.

“घ्या,” ती म्हणाली. “आधी नट.”

मी कोन उचलला. चिमट्यात धरून नळीच्या मोकळ्या टोकाला बसवला. टाकणखार लावला.

“नट राहिला,” ती म्हणाली.

मी झाळीचा तुकडा ठेवला.

“अहो, नट.”

“कळतंय मला,” म्हणालो आणि फुंकणी तोंडात धरली.

तिचा हात तसाच पुढे होता. ज्योत तांब्यावर वळली, तांबं लाल झालं, झाळ धावली. आयुष्यात दिलेल्या झाळींत ती सगळ्यात चांगली. नळी पाण्यात बुडवली, चर्र झालं. बाहेर काढून पुसली आणि बाकावर ठेवली. दोन्ही टोकांना दोन कोन, आणि मध्ये नुसती तांब्याची नळी. उजूनं मूठ मिटली. तिचे डोळे भरून आले होते, पण तिनं ते पुसले नाहीत. मी तिच्याकडे फार वेळ बघू शकलो नाही.

मामा दारात आले. चष्मा लावून नळीकडे वाकले. मग लेथवरचं गोणपाट पाहिलं, लेकीची मिटलेली मूठ पाहिली, आणि सगळ्यात शेवटी मला.

“नट विसरलात?”

“विसरलो.”

“तापवून एक कोन काढा की परत. अजून दिवस आहे.”

“तांबं जळेल, मामा.”

तीस वर्षं तांब्याच्या नळ्यांत काढलेला माणूस. बेतानं तापवलं तर कोन निघतो, नट ओवता येतो, पुन्हा झाळता येतो, आणि तांब्याला काही होत नाही, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. ते खुर्चीत बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले.

“हो,” ते म्हणाले. “तांबं जळेल.”

मग ते हसायला लागले. हुपरीचा कारागीर आणि नट विसरला, म्हणत खोकला येईपर्यंत हसले, आणि डोळ्यांतलं पाणी खोकल्याचं म्हणून धोतरानं पुसलं. उजूनं लेथवरचं गोणपाट काढलं, झटकलं आणि शर्ट अंगात घातला.

सोमवारी मी पुरुषोत्तमला पत्र टाकलं. त्यानं पुन्हा कधी बोलावलं नाही. इंजिन दिवाळीच्या पाडव्याला वाफेवर चाललं. परसात घातलेल्या रुळावरून बारा फूट गेलं आणि बारा फूट मागे आलं. एकही जोड गळला नाही. यादेतलं कलम पुरं झालं आणि मी मोकळा झालो, पण कुठे जायचं ते आता राहिलं नव्हतं.

ह्याला अडतीस वर्षं झाली. मामा त्यानंतर सहा वर्षांनी गेले. शेड आता वाढली आहे, तीन लेथ आहेत. छोट्या इंजिनांचा नाद असलेले लोक कुठून कुठून उजूकडे जोड मागवतात. पाटीवर नाव तिचं आहे. मी झाळ देतो. स्टूल तिथेच आहे आणि दाराजवळची मामांची खुर्ची रिकामी आहे, तरी उठताना मी अजून क्षणभर थांबतो, कुणीतरी आधी उठेल म्हणून. मी सुखी आहे का असं कुणी विचारलं तर हो म्हणेन. पण एखाद्या दुपारी पत्रा तापला की ती खिडकी आठवते, आणि मग तासभर मी कुणाशी बोलत नाही. उजू तेव्हा काही विचारत नाही, चहा पुढे ठेवते.

ती नळी शेडच्या भिंतीला खिळ्यावर टांगलेली आहे. मामांनीच टांगली. आल्यागेल्याला ते ती दाखवायचे आणि जावईबापू नट कसे विसरले ते रंगवून सांगायचे. आता मी सांगतो. ऐकणारे पोट धरून हसतात, मीही हसतो.

उजू मात्र त्यावर आजवर एकदाही हसलेली नाही.